मागे उरलेल्या औषधांचे काय करावे?

महाड किंवा पोलादपूर तालुक्यातील एखादी वाडी डोळ्यांसमोर आणा. घरातील कर्ती मुले मुंबईला, गावी आजी-आजोबा. मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली दोन-तीन महिन्यांची औषधे दर खेपेला पिशवीतून गावी येतात. रक्तदाबाची, मधुमेहाची, गुडघेदुखीची, झोपेची. मग एके दिवशी आजोबा जातात. दहावे, तेरावे होते. अंथरूण आणि कपडे यांचे काय करायचे ते रूढीने ठरलेले असते. फळीवरच्या औषधांच्या डब्याबद्दल मात्र रूढी काहीच सांगत नाही. आजोबांच्या आजोबांच्या वेळी असा डबा घरात नव्हताच!

मग काय होते? कोणी तो डबा तसाच ठेवतो. कोणी चांगल्या दिसणाऱ्या गोळ्या शेजाऱ्याला देतो. कोणी सगळी पिशवी नदीत सोडतो, कोणी परसात खड्डा करून पुरतो, तर कोणी पाचोळ्याबरोबर पेटवून देतो. या पाचही मार्गांत काय घडते, ते आज आपण तपासू आणि मग योग्य मार्ग कोणता ते पाहू. एक गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवा. औषधाच्या रेणूला आपण कोणासाठी आहोत हे ठाऊक नसते. ज्याच्यासाठी ते लिहून दिले तो माणूस गेला, तरी रेणूचे गुणधर्म जात नाहीत.

डबा तसाच ठेवला तर

औषध आणि विष यांत फरक असतो तो मात्रेचा. आणि मात्रा ठरते ती घेणाऱ्याच्या वजनावर, वयावर आणि आजारावर. ६० किलो वजनाच्या मधुमेही आजोबांची रक्तातील साखर ताळ्यावर आणणारी ग्लिमेपिराईडची एक गोळी १२ किलोच्या नातवाने चॉकलेट समजून खाल्ली, तर त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्याला मधुमेह नसल्यामुळे उतरायला जादा साखर मुळी नसतेच. रक्तदाब आणि हृदयविकारावरील अनेक गोळ्यांचेही असेच आहे. चुकून असे घडलेच, तर मुलाला ओकारी काढायला लावू नये. गोळ्यांच्या पट्टीसह त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे, गाडी नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरी गोष्ट सांगायला अवघड, पण सांगितली पाहिजे. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, त्या घरातील माणसे दुःखात असतात. अशा दिवसांत झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्यांचा साठा कोणाच्याही हाताशी असू नये. डबा लवकर आवरण्याचे हे एक मोठे कारण आहे.

दुसऱ्याला दिली तर

"औषध महाग आहे, फुकट कशाला घालवा?" हा विचार चांगल्या मनातूनच येतो. पण पट्टीवर छापलेली मुदत कोणत्या अटीवर दिलेली असते? औषध सांगितलेल्या तापमानात आणि कोरड्या जागी ठेवले असेल, या अटीवर! रासायनिक क्रियांचा एक स्थूल नियम असा की, तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांना टिकण्यासाठी बनवलेली गोळी वैशाखात पत्र्याच्या छपराखाली ४५ अंशांत पडून राहिली, तर तिचे विघटन सुमारे चौपट वेगाने होईल. त्यात पोलादपूरकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. हवेतील दमटपणामुळे ॲस्पिरिनच्या रेणूचे तुकडे होऊन सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल तयार होते. ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल. म्हणून जुन्या ॲस्पिरिनच्या बाटलीला आंबूस वास येतो. ॲस्पिरिन निदान वासाने चहाडी करते. बहुतेक औषधे बिघडली तरी रंग, वास, आकार काहीच बदलत नाही. इन्शुलिन तर न उघडलेले असताना २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. मधल्या काळात वीज किती तास गेली होती, हे त्या कुपीकडे पाहून कोणीही सांगू शकत नाही.

दानाच्या औषधांचा एक मोठा धडा जगाला बोस्निया देशात मिळाला. १९९२ ते १९९६ या युद्धकाळात तेथे मदत म्हणून ढिगांनी औषधे आली. त्यांपैकी सुमारे १७,००० टन निरुपयोगी ठरली आणि त्यांची विल्हेवाट हेच एक संकट होऊन बसले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली आपत्तीनंतरच्या नको असलेल्या औषधांसाठी मार्गदर्शिका काढली, ती अशा अनुभवांतून.

बैलाला दिली तर

हा प्रश्न वाचून हसू नका. आपल्या रायगड जिल्ह्याचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे.

म्हसळा तालुक्यातील चिरगाव परिसरात पांढऱ्या पाठीची गिधाडे आहेत. महाडची 'सिस्केप' ही संस्था त्यांच्या रक्षणासाठी अनेक वर्षे झटत आली आहे. एकेकाळी भारतात गिधाडे लाखोंनी होती. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण सापडेना. अखेर २००४ साली पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून गुन्हेगार सापडला. तो होता डायक्लोफिनॅक. माणसे गुडघेदुखीवर घेतात तेच हे औषध. ते जनावरांनाही टोचले जात होते. औषध दिल्यावर लवकरच जनावर मेले, तर त्याच्या मांसात डायक्लोफिनॅक शिल्लक राहते. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, रक्तातील यूरिक आम्ल साचते, आतील अवयवांवर त्याचा पांढरा थर बसतो आणि काही दिवसांत पक्षी मरतो. दर शंभर शवांमागे एकाहूनही कमी शवांत प्राणघातक प्रमाणात औषध असले, तरी एवढी मोठी घट होण्यास ते पुरेसे होते, असे गणिताने दिसून आले. कारण एका शवावर अनेक गिधाडे एकाच वेळी जेवतात.

भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या उत्पादनावर बंदी आणली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या. म्हणून २०१५ साली माणसांसाठीची इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरची, म्हणजे एका मात्रेपुरतीच असावी, असा नियम करावा लागला.

आता आजोबांच्या डब्याकडे वळा. त्यात गुडघेदुखीचे उरलेले इंजेक्शन किंवा गोळ्या आहेत. दावणीला बैल लंगडतो आहे. 'माणसाला चालते, तर बैलाला का नको?' असे कोणालाही वाटेल. उत्तर हे की, बैलाला चालेलही, पण गिधाडाला चालणार नाही! एका माणसाचे उरलेले औषध कोठवर पोहोचू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. लंगडणाऱ्या बैलासाठी पशुवैद्याला विचारावे. मेलॉक्सिकॅमसारखे, गिधाडांना अपाय न करणारे औषध त्यांच्याकडे असते.

नदीत सोडली किंवा पुरली तर

पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा एक गणित करू.

पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्या. तिचा रेणुभार सुमारे १५१ आहे. ॲव्होगॅड्रोचा अंक वापरला, तर त्या गोळीत सुमारे २ × १०^२१ रेणू असतात. आता ३ मीटर व्यासाची विहीर घ्या, तिच्यात ५ मीटर पाणी आहे. पाण्याचे आकारमान सुमारे ३५,००० लिटर, म्हणजे २०० मिलिलिटरचे १,७५,००० पेले. गोळी पूर्ण विरघळून पाण्यात सारखी मिसळली, तर प्रत्येक पेल्यात सुमारे १ × १०^१६, म्हणजे एकावर सोळा शून्ये इतके रेणू येतील! 'पाण्यात टाकले की नाहीसे झाले' हे किती खोटे आहे ते यावरून दिसते.

पण थांबा. आकडा मोठा आहे म्हणून घाबरून जाणेही शास्त्रीय नव्हे. हेच गणित उलटे करा. त्या विहिरीतून एक गोळीएवढे औषध पोटात जायला १,७५,००० पेले पाणी प्यावे लागेल. रोज आठ पेले प्यालात, तर साठ वर्षे! म्हणजे एका गोळीने माणसाला विषबाधा होत नाही. मग चिंता कशाची?

चिंता आहे ती इतर जिवांची. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात प्रयोगासाठी राखून ठेवलेली सरोवरे आहेत. त्यांपैकी एका सरोवरात २००१ ते २००३ या तीन वर्षी उन्हाळ्यात गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरक मिसळण्यात आले. प्रमाण किती? लिटरला सुमारे ५ नॅनोग्रॅम, म्हणजे आपल्या विहिरीतील आकड्याच्या जवळजवळ तीन हजारावा भाग. तेवढ्यानेच नर माशांत मादीची लक्षणे दिसू लागली आणि त्या सरोवरातील एका जातीचे छोटे मासे जवळजवळ नाहीसे झाले.

प्रतिजैविकांचे आणखी निराळे आहे. जंतू मरणार नाहीत एवढे अल्प प्रतिजैविक पाण्यात असले, तर त्यातल्या त्यात दणकट जंतूंची सरशी होते आणि त्यांची प्रजा वाढते. उद्या तेच जंतू आपल्या शरीरात आले, की नेहमीचे औषध लागू पडत नाही. २००७ साली हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते एवढे नसते!

खरे सांगायचे तर पाण्यातील औषधांचा मोठा वाटा आपल्या मलमूत्रातून, रुग्णालयांतून आणि कारखान्यांतून येतो. उरलेल्या गोळ्यांचा वाटा त्यामानाने लहान. पण मलमूत्रातून जाणाऱ्या औषधाने निदान कोणाचा तरी आजार बरा केलेला असतो. फेकलेल्या गोळीने काहीच साधलेले नसते आणि हा वाटा थांबवणे पूर्णपणे आपल्या हातात असते.

आपल्या भागाची रचनाही ध्यानात घ्या. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाड ओलांडून हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते. वरच्या गावाचे सोडलेले पाणी म्हणजे खालच्या गावाचे भरलेले पाणी. भरतीचे पाणी खाडीतून महाडच्या जवळपर्यंत चढते, त्यामुळे सोडलेली वस्तू समुद्रात गेलीच असे धरून चालता येत नाही. पुरण्याचेही तसेच. डोंगरउतारावरील मुरुमातून आणि कातळाच्या भेगांतून पावसाचे पाणी झपाट्याने झिरपते आणि ते विहिरीत आणि झऱ्यांत उतरते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर बुडाले, तो दिवस तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पूर काहीही पुरलेले राहू देत नाही. (पुराच्या पाण्यात भिजलेली औषधे, पट्टी शाबूत दिसली तरी, टाकाऊच समजावीत.)

पेटवली तर

जाळण्याची कल्पना मुळात चूक नाही. इस्पितळांतील टाकाऊ औषधे पिवळ्या पिशवीत भरून जाळलीच जातात. पण ती कशी? २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार भट्टीला दोन कक्ष लागतात. पहिल्यात कचरा जळतो. त्यातून निघालेला धूर दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश सेल्सिअस तापमानात निदान दोन सेकंद राहिला पाहिजे. पुरेसे तापमान, पुरेसा वेळ आणि हवेची पुरेशी घुसळण, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच गुंतागुंतीचे रेणू पूर्ण तुटतात. परसातल्या आगीत ज्वाळेचा गाभा तापलेला असतो, पण कडा थंड असतात आणि धूर क्षणात निसटतो. धूर म्हणजेच अर्धवट जळालेले पदार्थ. शिवाय गोळ्यांची पट्टी पुष्कळदा पीव्हीसी या क्लोरीनयुक्त प्लास्टिकची असते. ती अशी जळली की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये तयार होतात. दम्याचा फवारा तर आगीजवळही नेऊ नये. त्या बंद डबीत दाबाखाली द्रवरूप केलेला वायू असतो. तापमान वाढले की त्याचा दाब भराभर वाढतो आणि डबी फुटते.

मग करावे तरी काय?

पाचही मार्ग बंद झाले! आता उघडा मार्ग पाहू. हे काम घरातील मोठ्या माणसांनी करायचे आहे. तुम्ही वाचून दाखवा, यादी लिहा. औषधे हाताळू नका.

१. मृत्यू अचानक किंवा संशयास्पद असेल आणि पोलिसांची चौकशी चालू असेल, तर ती संपेपर्यंत कशालाही हात लावू नये. एरवी पहिल्या दोन आठवड्यांत फळी, उशाखाल, फ्रिज आणि प्रवासी पिशव्या तपासून सर्व औषधे एकत्र करावीत आणि कुलूपबंद ठेवावीत. दवाखान्याची कागदपत्रे मात्र टाकू नयेत. विम्यासाठी आणि इतर कामांसाठी ती लागतात.

२. परत करण्याजोगी वस्तू परत करावी. क्षयरोगाची सरकारी औषधे आरोग्य कर्मचाऱ्याकडे द्यावीत. कर्करोगाची औषधे उघड्या हाताने हाताळू नयेत, गोळ्या मोडू नयेत; ज्या रुग्णालयाने दिली तेथेच परत न्यावीत. नुकतीच घेतलेली, न फोडलेली पाकिटे पावती दाखवून दुकानदार परत घेतो का, ते विचारावे. भाड्याचे प्राणवायूचे नळकांडे ज्याचे त्याला द्यावे.

३. मॉर्फीनसारखी तीव्र वेदनाशामके वेगळी काढावीत. पहिला मार्ग म्हणजे ज्या केंद्राने ती दिली, तेथे परत करणे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मे २०२५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत १७ औषधांची यादी आहे. मॉर्फीन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल, डायझेपाम ही त्यांतली काही नावे. परत करण्याची सोय नसेल, तर एवढीच औषधे शौचालयात टाकून पाणी सोडावे, असे ती सांगते. आत्ताच तर आपण पाण्यात टाकू नका म्हटले! मग हा विरोध कसा? येथे दोन धोक्यांची तुलना केलेली आहे. पाण्याला होणारा अपाय थोडा आणि हळू. पण अशी एक गोळी मुलाच्या तोंडात गेली, तर अपाय मोठा आणि आजच. कातडीवर चिकटवण्याच्या फेंटानिलच्या पट्टीत वापरानंतरही पुष्कळ औषध शिल्लक असते. अशी पट्टी चिकट बाजू आत येईल अशी दुमडावी. यादीबाहेरच्या औषधांना मात्र ही सवलत नाही.

४. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात भराव्यात. डबा चिकटपट्टीने बंद करून त्यावर 'सुया' असे ठळक लिहावे. पाऱ्याचा तापमापक फोडू नये, वेगळा ठेवावा.

५. उरलेल्या गोळ्या पट्ट्यांसह एका पिशवीत, आणि पातळ औषधे बाटलीसह दुसऱ्या पिशवीत ठेवून 'टाकाऊ औषधे' असे लिहावे. २०१६ साली आलेल्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेल्या औषधांना 'घरगुती घातक कचरा' मानले आणि तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा देण्यास सांगितले. महाडमध्ये नगरपरिषदेत, पोलादपूरमध्ये नगरपंचायतीत, खेड्यात ग्रामपंचायतीत तो कोठे द्यायचा ते विचारावे. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पिवळ्या पिशवीची सोय असते. घरची औषधे ते स्वीकारतील का, हेही विचारून पाहावे. विचारणारे वाढले की सोय होते.

६. कोठेच सोय झाली नाही, तर निदान कमी अपायाचा मार्ग घ्यावा. गोळ्या पट्टीतून काढून, न चुरडता, फिरकीच्या झाकणाच्या बरणीत टाकाव्यात. त्यांत चहाचा ओला चोथा, माती आणि राख मिसळावी, म्हणजे ते मिश्रण मुलाला, कुत्र्याला किंवा गुराला खावेसे वाटणार नाही. बरणी घट्ट बंद करून कचऱ्याच्या गाडीतच द्यावी. रिकाम्या पट्ट्या कापाव्यात आणि बाटल्यांवरील कागद खरवडावेत, म्हणजे त्या पुन्हा भरून कोणी विकणार नाही.

शाळेत काय करता येईल?

केरळ राज्यात औषध नियंत्रण खात्याने २०२५ साली कोळिकोडपासून घरोघरची नको असलेली औषधे गोळा करून शास्त्रीय पद्धतीने नष्ट करण्याचा उपक्रम सुरू केला. आपल्याकडे आरंभ शाळेपासून होऊ शकेल. शिक्षकांनी आधी आरोग्य केंद्राशी आणि एखाद्या औषधविक्रेत्याशी बोलून घ्यावे. विद्यार्थ्यांनी आपल्या वाडीतील दहा घरांत एकच प्रश्न विचारावा: 'उरलेल्या औषधांचे तुम्ही काय करता?' उत्तरे नदी, खड्डा, आग, शेजारी, डबा तसाच, अशा रकान्यांत मांडावीत. नुकतेच दुःख झालेल्या घरी मात्र हा प्रश्न घेऊन जाऊ नये. तो तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवा. औषधे स्वीकारण्याची जागा ठरवा, अशी मागणी करायला त्याहून चांगला पुरावा नाही.

आणखी एक सोपा प्रयोग वर्गात करा. पोटॅशियम परमँगनेटचे गडद द्रावण घ्या. त्याचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळा. त्या द्रावणाचा एक भाग पुन्हा नऊ भाग पाण्यात, असे सहा पेले करा. कितव्या पेल्यात रंग दिसेनासा होतो? आणि त्या पेल्यात रेणू किती उरले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी मिळत नाही, गणितानेच मिळते.

घरात मृत्यू झाला की कामांची एक यादी होते. मृत्यूचा दाखला काढायचा, शिधापत्रिकेवरील नाव कमी करायचे, बँकेत कळवायचे. त्या यादीत यापुढे एक ओळ वाढवा: औषधांचा डबा.